वाढत्या कचेरीची बैठक

बिऱ्हाड बदलावयाचे ठरले म्हणजे घरात पहिला वाद कपाटावरून होतो. चार हमालांना घाम फोडून जिन्यातून वर चढवलेले ते जुने शिसवी कपाट नव्या जागी न्यावयाचे, की येथेच कोणाला देऊन टाकावयाचे? घरातील वडीलधारे म्हणतात, न्यावयाचे. तरुण मंडळी म्हणतात, नव्या घराच्या दारातून ते आत तरी जाईल का, हे आधी मोजून पाहा. कचेरीचेही तसेच आहे. फरक इतकाच की, घर वीस-पंचवीस वर्षांत एखाद्या वेळी हलते, आणि वाढत्या कंपनीची कचेरी दर तीन-चार वर्षांनी हलते. म्हणून कपाटाचा हा वाद तेथे पुन्हापुन्हा उपस्थित होतो, आणि तो फक्त कपाटापुरता राहत नाही.

आम्हांला हा विषय पुस्तकातून सुचलेला नाही. आमची कंपनी लहान आहे आणि पुण्यातच आहे. २०२१ साली आम्ही अठरा जण होतो. जागा भाड्याची. एका सुताराला बोलावून आम्ही प्लायवूडची टेबले जागेवरच करवून घेतली. भिंतीला ठोकलेली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सलग, वर सनमायका. दिसावयास ती फार नेटकी होती. येणाराजाणारा वाखाणणी करी. पुढे तीन वर्षांत आम्ही एकतीस झालो. ठोकलेले टेबल काही वाढत नाही. तेव्हा येण्याजाण्याच्या वाटेत दोन घडीची टेबले आली, बैठकीच्या खोलीत चौघांनी कायमचे ठाण मांडले, आणि अखेर २०२४ साली नवी जागा पाहणे भाग पडले. जाताना कळले की, त्या नेटक्या सामानापैकी काहीच बरोबर नेता येत नाही. जागेच्या मालकाने भिंती पूर्ववत करून मागितल्या, ते त्याच्या हक्काचेच होते. ज्या सामानासाठी आम्ही एकदा पैसे मोजले, तेच तोडून काढण्यासाठी पुन्हा मोजले.

यात सुताराचा दोष नव्हता. आम्ही त्याला सांगितले ते त्याने केले. चूक होती ती आमच्या विचारात. सामान जागेचे असते असे आम्ही समजून चाललो होतो. वास्तविक ते माणसांचे असते, आणि माणसे जिकडे जातील तिकडे त्याने गेले पाहिजे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही, किंबहुना जुनाच आहे. मुंबईच्या मुळजी जेठा कापड बाजारात जी जुन्या वळणाची दुकाने आहेत, त्यांतील बैठक पाहावी. पांढरी गादी, पाठीला लोड किंवा तक्क्या, मुनिमापुढे उतरत्या झाकणाचे बुटके मेज. गिऱ्हाइके दोन आली तर दोघांची बैठक, सात आली तर सातांची, गादी तीच. पेशव्यांच्या दफ्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवीत, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. रुमालाचा गुण असा की, कागद थोडे असोत वा फार, गाठ तेवढी मागेपुढे होते. कपाटाचा खण मात्र अर्धा रिकामा असला तरी तेवढीच जागा अडवतो. मांडी घालून बसण्याच्या त्या पद्धतीकडे परत जावे असे आम्ही सुचवीत नाही. दिवसाचे आठ तास संगणकापुढे काढणाऱ्याला ते मानवणार नाही. परंतु ‘लवचिक सामान’ हे काही परदेशातून आलेले अद्भुत नव्हे, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

टेबल-खुर्चीची कचेरी आपण पाश्चात्त्यांकडून घेतली. तिच्या इतिहासात ताठरपणा आणि लवचिकपणा यांची ओढाताण सारखी चालू असलेली दिसते. अमेरिकेतील बफेलो शहरी फ्रँक लॉइड राइट या वास्तुशिल्पज्ञाने लार्किन कंपनीची इमारत बांधली. ती १९०६ साली पुरी झाली. तिच्यासाठी त्याने धातूची टेबलेही स्वतःच आखून दिली. त्यांपैकी काहींना खुर्ची बिजागरीने टेबलालाच जोडलेली होती. ती आत-बाहेर वळे, पण टेबल सोडून कोठे जात नसे. झाडलोट सोपी झाली, रांगा सरळ राहिल्या. बसणाऱ्याने मात्र शेजाऱ्याकडे खुर्ची सरकवून दोन शब्द बोलावे, अशी सोय उरली नाही. पुढे कंपनीला उतरती कळा लागली आणि १९५० साली ती इमारतही पाडली गेली.

दुसऱ्या टोकाचा प्रयत्न जर्मनीत झाला. एबरहार्ड आणि वोल्फगांग श्नेले या बंधूंनी १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस रांगांची पद्धतच मोडून काढली. कागद कोणाकडून कोणाकडे जातो, कोण कोणाशी वारंवार बोलतो, हे आधी पाहावे आणि त्याप्रमाणे टेबले मांडावी. मध्ये भिंती नकोत, हलत्या पडद्या आणि कुंड्या पुरे, असे त्यांचे म्हणणे. या मांडणीला त्यांनी ‘कचेरीचा भूप्रदेश’ अशा अर्थाचे नाव दिले.

आणि मग रॉबर्ट प्रॉप्स्ट आला. हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीसाठी तो संशोधन करी. दिवसभर एकाच स्थितीत बसणे माणसाला घातक आहे. काम बदलते तशी बैठक बदलली पाहिजे. काही काम उभ्याने व्हावे, काही बसून, असे त्याचे निरीक्षण होते. १९६४ साली जॉर्ज नेल्सनच्या आरेखनातून ‘ॲक्शन ऑफिस’ बाजारात आले. त्यात उभे राहून काम करण्याचे उंच टेबलही होते. पण ते महाग पडले आणि फारसे खपले नाही. १९६८ साली दुसरी आवृत्ती आली. तिच्यात सुट्या, हलक्या पडद्या होत्या आणि त्या पडद्यांवर अडकवता येणारी टेबले व फळ्या होत्या. पडद्या एकमेकींशी १२० अंशांचा कोन करून जोडाव्या, म्हणजे प्रत्येकाला अर्धवट आडोसा आणि अर्धवट मोकळीक मिळेल, अशी प्रॉप्स्टची कल्पना होती.

पुढे जे घडले ते शिकण्याजोगे आहे. कंपन्यांनी त्या पडद्या घेतल्या, पण त्या काटकोनात जोडल्या. कारण काटकोनात त्याच जागेत जास्त माणसे मावतात. अशा रीतीने माणसाला मोकळे करण्यासाठी काढलेल्या सामानातून खुराड्यांच्या रांगा निर्माण झाल्या. नेल्सनने या दुसऱ्या आवृत्तीपासून स्वतःला दूर ठेवले आणि तिच्यावर टीकाही केली. खुद्द प्रॉप्स्टला उतारवयात आपल्या कल्पनेची ही गत पाहून खेद झाला. सामान लवचिक होते. विकत घेणाऱ्याचे मन ताठर होते. तेव्हा नुसते सुटे सामान आणले म्हणजे कचेरी लवचिक होते, हा भ्रम प्रथम टाकून दिला पाहिजे.

आता व्यवहाराकडे वळू. विक्रेत्याच्या दुकानात ‘लवचिक’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. सामान हलले पाहिजे, हा एक अर्थ. ते माणसांच्या संख्येबरोबर वाढले पाहिजे, हा दुसरा. आणि ते बसणाऱ्याच्या अंगाला जुळले पाहिजे, हा तिसरा. एक गुण असला म्हणजे बाकीचे दोन असतातच असे नाही. चाके लावलेले टेबल हलते, पण बुटक्या माणसाला ते उंचच पडते. म्हणून हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावे.

पहिला प्रश्न हलण्याचा. कंपनी कायदा, २०१३ याच्या दुसऱ्या परिशिष्टात सर्वसाधारण फर्निचरचे उपयुक्त आयुष्य १० वर्षे धरलेले आहे. लहान कंपनीचा भाडेकरार मात्र बहुधा तीन ते पाच वर्षांच्या बोलीवर असतो. याचा सरळ अर्थ असा की, आज घेतलेले चांगले टेबल दोन-तीन कचेऱ्या पाहणार आहे. समजा, भिंतीला ठोकलेल्या टेबलाला १० रुपये पडतात आणि सुट्या होणाऱ्या टेबलाला १५. दहा वर्षांत दोनदा जागा बदलली, तर ठोकलेले टेबल तीनदा करावे लागेल. त्याचे ३० रुपये, आणि दोनदा तोडण्याचे मिळून २, म्हणजे ३२. सुटे टेबल एकदाच घ्यावे लागेल. दोनदा उकलणे, वाहून नेणे आणि जोडणे यांचे ४ धरले तरी बेरीज १९ होते. हे आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. प्रत्येकाने आपले भाव घालून हिशेब करावा. जागा स्वतःच्या मालकीची असेल आणि माणसे वाढावयाची नसतील, तर हाच हिशेब उलटा होईल आणि सुताराचेच काम स्वस्त व टिकाऊ ठरेल.

हलण्याच्या बाबतीत एक गोष्ट हमखास विसरली जाते. ती म्हणजे तारा. टेबलाला चाके असली तरी विजेची, संगणकाची तार त्याला जनावराच्या दाव्यासारखी खुंटीशी बांधून ठेवते. खटका भिंतीवर असला तर टेबल भिंतीजवळच राहणार. तेव्हा टेबले पसंत करण्यापूर्वी वीज कोठून आणि कशी मिळणार, हे विजेच्या कारागिराला बरोबर घेऊन ठरवावे. आणि टेबले कशीही हलली तरी दारापर्यंतची वाट मोकळी राहील, यासाठी ती वाट जमिनीवर रंगाने आखून टाकावी. आग लागल्यावर टेबले सरकवावयास कोणाला सवड नसते.

दुसरा प्रश्न वाढण्याचा. आजकाल समोरासमोर सहा जण बसतील अशी सलग टेबले पुष्कळ खपतात. ती स्वस्त का पडतात, हे समजून घ्यावे. सहा सुट्या टेबलांना प्रत्येकी दोन, म्हणजे पायांच्या बारा चौकटी लागतात. सलग जोडणीत तीन-तीन जण समोरासमोर बसले की टोकांच्या दोन आणि मधल्या दोन अशा चारच चौकटींत काम भागते. कारण मधली चौकट दोन्हीकडच्या फळ्यांचा भार घेते. बचत खरी आहे, पण तिची किंमत पुढे मोजावी लागते. त्यांतून दोन माणसे दुसऱ्या खोलीत न्यावयाची झाली, तर त्यांचे टेबल पायांवाचून लोंबकळते. चौघांच्या जोडणीत हीच अडचण कमी होते, आणि सुट्या टेबलांत ती नाहीशीच होते. आम्ही शेवटी मध्यम मार्ग काढला. जे लोक नेहमी एकत्र काम करतात त्यांच्यासाठी चौघांच्या जोडण्या घेतल्या, आणि बाकी सुटी टेबले. पण सर्वांच्या फळ्या एकाच मापाच्या, १२० सेंटिमीटर लांब आणि ६० रुंद. माप एकच असल्यामुळे कोणतीही फळी कोणत्याही चौकटीवर बसते.

वाढण्यात आणखी एक मेख आहे. आज घेतलेल्या नमुन्याचे दहा नग दोन वर्षांनी पुन्हा मिळतील काय? चाक मोडले, खणाची किल्ली हरवली, तर ती वस्तू सुटी मिळेल काय? हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. परमुलखातून आलेल्या देखण्या खुर्चीपेक्षा, जिचा सुटा भाग भोसरीत किंवा वसईत मिळतो अशी साधी खुर्ची वाढत्या कंपनीला अधिक उपयोगी पडते.

तिसरा प्रश्न जुळण्याचा, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा. खुर्चीपासून सुरुवात करू. कचेरीतील फिरत्या खुर्चीला पाचच पाय का असतात, हा प्रश्न मुले विचारतात आणि मोठी माणसे टाळतात. उत्तर भूमितीत आहे. बसणाऱ्याचा भार पायांची टोके जोडून होणाऱ्या आकृतीच्या बाहेर गेला की खुर्ची कलंडते. मध्यापासून प्रत्येक पाय ३० सेंटिमीटर लांब असला, तर तीन पायांच्या खुर्चीत मध्यापासून सर्वांत जवळची कड फक्त १५ सेंटिमीटरवर असते. चार पायांच्या खुर्चीत सुमारे २१ वर, पाच पायांच्या खुर्चीत सुमारे २४ वर आणि सहा पायांच्या खुर्चीत सुमारे २६ वर. तिनावरून पाचावर जाण्यात मोठा लाभ आहे. पाचावरून सहावर जाण्यात थोडाच. याच राइटने रॅसीन येथील जॉन्सन कंपनीच्या १९३९ साली पुऱ्या झालेल्या इमारतीसाठी तीन पायांची खुर्ची केली होती. माणसे तीवरून कलंडू लागली आणि पुढे चौथा पाय द्यावा लागला. थोरांचेही भूमितीपुढे चालत नाही.

टेबलाची उंची बाजारात बहुधा ७२ ते ७५ सेंटिमीटर असते. हे माप उंच बांध्याच्या माणसाला ठीक आहे. आपल्याकडील स्त्रियांना आणि पुष्कळ पुरुषांनाही ते उंच पडते. अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेने १९९७ साली देबकुमार चक्रवर्ती यांचे भारतीयांच्या शरीरमापांवरील पुस्तक प्रसिद्ध केले, ते अशाच कारणाने: परक्यांच्या मापाने केलेल्या वस्तू आपल्या अंगाला बसत नाहीत. टेबल उंच असले म्हणजे माणूस खुर्ची वर घेतो. खुर्ची वर घेतली की पाय अधांतरी लोंबतात आणि मांडीखाली खुर्चीची कड रुतते. खुर्ची खाली ठेवली तर खांदे उचलून टंकलेखन करावे लागते. कोपर आणि तळपाय यांपैकी एकाला तरी शिक्षा होतेच.

येथे आम्हांला आमच्या हिशेबनीस बाईंची गोष्ट सांगितली पाहिजे. कंपनी निघाली त्या दिवसापासून त्या आमच्याकडे आहेत. उंची पाच फुटांहून कमी. जुनी कचेरी मोडताना त्यांच्या टेबलाखाली कागदाच्या रिमांचे एक रिकामे खोके सापडले, वरून दबलेले, चिकटपट्टीने पुन्हा पुन्हा बांधलेले. हमाल ते फेकावयास निघाला, तेव्हा बाई म्हणाल्या, “अहो, ते राहू द्या, माझे पाय ठेवण्याचे आहे.” तीन वर्षे त्या खोक्यावर पाय ठेवून त्यांनी आमचा हिशेब लिहिला होता. पाठीच्या दुखण्यासाठी त्या अधूनमधून रजा घेत, हे आम्हांला माहीत होते. त्या दुखण्याचा आमच्या सुरेख टेबलाशी काही संबंध असेल, हे मात्र आमच्या कधी मनात आले नाही. आणि त्यांनीही ते तोंडाने काढले नाही. “सगळ्यांना एकच टेबल, मग मी वेगळे कसे मागू?” असे त्या नंतर म्हणाल्या.

तेव्हापासून आम्ही एक नियम केला आहे. उंची कमी-जास्त होणारे टेबल पाहताना विक्रेता ते वर किती जाते हे हौसेने दाखवतो. आपण ते खाली किती येते हे विचारावे. उभ्याने काम करण्याची हौस दोन महिन्यांत ओसरते. बसून काम करणाऱ्या बुटक्या माणसाची गरज रोजची असते. अशी टेबले महाग असतात आणि सर्वांसाठी घेणे परवडत नाही. तसे असेल तर पाय ठेवावयाची उतरती फळी घ्यावी. ती अगदी स्वस्त पडते. आणि खुर्ची निवडताना कचेरीतील सर्वांत उंच व सर्वांत बुटक्या अशा दोघांना दुकानात घेऊन जावे, अर्धा-अर्धा तास बसवावे. त्या दोघांना जी मानवेल ती मधल्यांना मानवतेच.

आता एक इशारा. लवचिकपणाच्या नादात सामानाऐवजी माणसालाच वाकवण्याचा मोह होतो. कोणालाही स्वतःचे टेबल नको, जो आधी येईल त्याने मोकळी जागा घ्यावी, ही कल्पना २०२० च्या साथीनंतर घरून काम सुरू झाल्यावर आपल्याकडेही फैलावली. तिचा एक मोठा प्रयोग चायट-डे या जाहिरात कंपनीने लॉस एंजेलिस येथे १९९४ च्या सुमारास करून पाहिला होता. स्वतःचे टेबल काढून घेतले आणि सामानासाठी लहानसे कुलूपबंद कप्पे दिले. लोक जागा धरण्यासाठी आणि अपुरी यंत्रे मिळवण्यासाठी लवकर येऊ लागले. काहींनी कागदपत्र मोटारीच्या डिकीत ठेवले. काही वर्षांतच कंपनीने ती पद्धत सोडून दिली. तसेच, भिंती काढल्या म्हणजे माणसे जास्त बोलतात, ही समजूतही तपासून घ्यावी. एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन मोठ्या कंपन्यांनी खुली मांडणी स्वीकारल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ई-पत्रे वाढली, असे आढळले. याचे नवल वाटावयास नको. चाळीतल्या एका खोलीत आठ माणसे राहतात, तेव्हा जो तो भिंतीकडे तोंड करून आपला एकांत शोधतोच.

म्हणून आमचे मत असे: जो रोज येतो त्याला त्याची जागा असावी, मग ती लहान का असेना, जो आठवड्यातून दोन दिवस येतो त्याने वाटून घ्यावी, पण त्याचा एक खण तरी त्याच्या किल्लीचा असावा. टेबल हलले तरी चालेल, माणसाचे मन मात्र ठिकाणावर राहिले पाहिजे.

नव्या जागेचा नकाशा आमच्यापुढे आला तेव्हा आम्ही खुर्च्या मोजल्या. माणसे एकतीस, पुढच्या वाढीसाठी नऊ, एकूण चाळीस. नकाशा बरोबर होता. मग चहा घेऊन आलेला आमचा शिपाई नकाशावरून वाकून पाहू लागला आणि आमच्या ध्यानी आले की, त्या चाळिसांत तो नाही, झाडलोट करणाऱ्या मावशीही नाहीत. जुन्या कचेरीत तो दिवसभर जिन्याजवळ उभा असे किंवा पाण्याच्या पिंपावर टेके. केरळने २०१८ साली आणि तमिळनाडूने २०२१ साली दुकानांतील नोकरांना बसावयास आसन देण्याचा कायदा केला. तसा कायदा करावा लागला, यावरूनच आपण कोणाला माणसांत मोजावयाचे विसरतो ते दिसून येते. आम्ही नकाशात दोन खुर्च्या आणखी आखून घेतल्या आणि त्याही बाकीच्यांसारख्याच, वरखाली होणाऱ्या.

नव्या कचेरीत येऊन आता काही महिने झाले. टेबले दोनदा हलवून झाली. प्रत्येक वेळी एक शनिवार पुरला. हिशेबनीस बाईंच्या टेबलाखाली आता रीतसर फळी आहे. खोके मात्र त्यांनी टाकू दिलेले नाही. त्यात त्यांनी जुन्या पावत्या भरून ठेवल्या आहेत.